पासपोर्ट एका खेपेत व्हावा म्हणून: दोन खेपा घातलेल्या नागपूरकराचा सल्ला

मागच्या मे महिन्यात आम्ही तिघं पासपोर्टसाठी गेलो. आई, वय ६८, तिचा आयुष्यातला पहिला पासपोर्ट. लेक, वय ७, तिचाही पहिलाच. आणि मी, जुन्याची मुदत संपत आली म्हणून नव्यासाठी. सकाळी सव्वादहाची अपॉइंटमेंट होती. बाहेर पडलो तेव्हा साडेचार वाजले होते, आणि तेही तिघांपैकी दोघांचंच काम होऊन.

हिशेब केला तर काउंटरसमोर आम्ही जेमतेम पाऊण तास बसलो असू. बाकी वेळ माझ्या दोन चुकांनी खाल्ला, आणि दोन्ही चुका आदल्या आठवड्यात घरीच, चहा पिता पिता झालेल्या होत्या. आतले लोक भराभर काम उरकतात. दिवस लांबतो तो आपल्या कागदांनी. त्यामुळे सुरुवात घरापासूनच करतो.

आधी सतरंजी अंथरा

वेबसाइट उघडायच्या आधी घरातले सगळे कागद एका ठिकाणी काढा. आधार, पॅन, दहावीची मार्कशीट आणि सनद, शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला, मतदार ओळखपत्र, बँकेचं पासबुक, लग्नाचा दाखला असेल तर तो. सतरंजीवर ओळीने मांडा आणि फक्त तीन गोष्टी अक्षर न् अक्षर जुळवून बघा: नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव. "जवळजवळ सारखंच आहे" हे उत्तर इथे चालत नाही.

नावाचा घोळ आपल्याकडे ठरलेला असतो. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पॅनवर आडनाव शेवटी. आधारवर कुणी वडिलांचं नाव घातलेलं, कुणी नुसतं आद्याक्षर. त्यात इंग्रजी स्पेलिंग. वानखेडेंचं कुणी 'खे' लिहितं, कुणी 'ख'. एकाच घरात भावाचं चौधरी एका स्पेलिंगचं आणि बहिणीचं दुसऱ्या. क्रम वेगळा असला तर सहसा निभावतं, पण अक्षर वेगळं असलं की प्रश्न विचारला जातो.

लग्न झालेल्या बायकांचा प्रश्न याहून मोठा, कारण आपल्याकडे नुसतं आडनाव बदलत नाही, मधलं नावही बदलतं. वडिलांच्या जागी नवरा येतो, आणि काही घरांत तर सासरी नावच नवं ठेवलेलं असतं. दहावीच्या कागदावर एक बाई आणि आधारवर दुसरीच. अशा वेळी पासपोर्ट कोणत्या नावाने हवा ते आधी ठरवा, मग आधार आणि पॅन त्या एका नावावर आणा, आणि फॉर्ममध्ये 'पूर्वी दुसरं नाव होतं का' असं विचारतात तिथे जुनं नाव सरळ लिहा. लपवायचं काहीच नाही त्यात. लपवलं की मात्र ते काउंटरवर निघतं, आणि तेव्हा स्पष्टीकरण देत बसावं लागतं. पासपोर्ट माहेरच्या नावानेच ठेवायलाही काहीच आडकाठी नाही. लग्न झालं म्हणून नाव बदललंच पाहिजे अशी सक्ती कुठेच नाही, हे सासूबाईंनाही सांगून ठेवा.

आता माझी पहिली चूक. आईचा जन्म तान्ह्या पोळ्याचा. हे तिला पक्कं ठाऊक, कारण तिची आजी सांगायची की आळीतली पोरं लाकडी बैल घेऊन दारी आली तेव्हा आत बाळ रडलं. शाळेत घालताना गुरुजींनी लिहिली १ जून. तिच्या पिढीच्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनच आहे, त्यात नवल नाही. पुढे आधार काढताना तिने नुसतं वर्ष सांगितलं, तर तिथे पडली १ जानेवारी. पॅनवर मात्र दाखल्याप्रमाणे १ जून. एका बाईचे तीन वाढदिवस! मी फॉर्ममध्ये १ जून टाकली, जन्मतारखेसाठी पॅन लावलं, पत्त्यासाठी आधार लावलं आणि निश्चिंत झालो. पत्त्यासाठी दिलेल्या कागदावरची जन्मतारीखही वाचली जाते, एवढी साधी गोष्ट डोक्यात आली नाही.

तुमच्या घरी असं काही निघालं तर आधी तो कागद दुरुस्त करा, मग फॉर्म भरा. आधारमधली जन्मतारीख सर्वसाधारणपणे एकदाच बदलता येते, तेव्हा जी बदलाल ती विचार करून. नावात मोठा बदल असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रात तो छापून आणावा लागतो, तो अर्जही ऑनलाइन होतो. मुलांच्या जन्मदाखल्यावर बाळाच्या नावाची जागा कोरी राहिलेली असते, विशेषतः दवाखान्यातून परस्पर नोंद झाली असेल तर. महानगरपालिकेच्या झोन ऑफिसातून ते नाव चढवून घ्या. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो, त्यामुळे घरात तान्हं असेल तर हे काम सगळ्यात आधी.

आणखी एक. नॉन-ईसीआर नावाची भानगड अनेकांना कळत नाही. ईसीआर म्हणजे 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड', देशाबाहेर जाण्याआधीची तपासणी; नॉन-ईसीआर म्हणजे ती न लागणारे. काही ठरावीक देशांत नोकरीला जाणाऱ्या, दहावी न झालेल्या माणसांची जाण्याआधी सरकार तपासणी करतं, १९८३ च्या कायद्यानुसार. दहावी पास असाल तर ती लागत नाही, त्याचा पुरावा म्हणून दहावीची सनद लावायची. पन्नाशी ओलांडलेल्यांना वयावरच सूट आहे. म्हणजे आईसाठी दहावीचा कागद हुडकत मी माळ्यावरच्या दोन ट्रंका उपसल्या ते निव्वळ फुकट.

फॉर्म

वेबसाइट एकच: पासपोर्टइंडिया डॉट गव्ह डॉट इन. किंवा सरकारचं 'एमपासपोर्ट सेवा' हे ॲप. गूगलवर 'पासपोर्ट' टाकलं की हुबेहूब तशाच दिसणाऱ्या खासगी वेबसाइट वर येतात, फी घेतात आणि गायब होतात. पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे का ते बघा.

फॉर्म स्वतः भरा. नेट कॅफेवाला शंभर-दोनशे रुपयांत भरून देतो हे खरं, पण त्याला तुमच्या आजोबांचं नाव ठाऊक नसतं. माझ्या एका साळ्याचा फॉर्म असाच बाहेर भरला होता. आडनाव 'गिव्हन नेम'मध्ये आणि स्वतःचं नाव 'सरनेम'मध्ये, कारण मार्कशीटवर आडनाव आधी होतं आणि भरणाऱ्याने जसं दिसलं तसं उतरवलं.

'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं नाव आणि त्यापुढे वडिलांचं (किंवा नवऱ्याचं) नाव. 'सरनेम'मध्ये फक्त आडनाव. मधलं नाव घालायचं की नाही हे तुमच्या बाकी कागदांवर काय आहे त्यावर ठरवा. पुढे व्हिसा, तिकीट, परदेशातलं बँक खातं, सगळं या दोन रकान्यांवर चालतं.

पत्ता लिहिताना आपली नागपुरी सवय आड येते. 'अमुक ले-आउट, हनुमान मंदिराच्या मागे' यावर पाहुणा येतो, पोस्टमन येईलच असं नाही. प्लॉट नंबर, ले-आउटचं नाव, रस्ता, पिनकोड, आणि कोणतं पोलिस ठाणं लागतं ते नीट बघून. शहराच्या कडेला, बेसा-मनीषनगरकडे राहणाऱ्यांनी ठाण्याची हद्द एकदा विचारूनच घ्यावी. शेजारच्या गल्लीचं ठाणं वेगळं असू शकतं.

ओळखीच्या दोन माणसांची नावं आणि फोन विचारतात. ज्यांची लिहाल त्यांना सांगून ठेवा. आमच्या शेजारच्या काकांना सांगितलं नव्हतं. पोलिसांचा फोन आला तर "कोण? कशाचं? मला नाही माहीत बुवा" म्हणून त्यांनी ठेवून दिला, आणि तासाभराने घाबऱ्याघुबऱ्या घरी आले.

फी आणि तारीख

साधा ३६ पानी पासपोर्ट १५०० रुपये, ६० पानी २०००. तत्काळ हवा असेल तर वर आणखी २०००. अठराच्या आतल्यांना ३६ पानी १०००, आणि त्याची मुदत पाच वर्षं किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, जे आधी येईल ते. आठ वर्षांच्या आतली मुलं आणि साठीच्या पुढचे ज्येष्ठ यांना पहिल्या पासपोर्टला १० टक्के सूट. म्हणजे लेकीचे ९०० आणि आईचे १३५०. यापलीकडे कुणी 'प्रोसेसिंग' म्हणून काही मागत असेल तर तो त्याचा धंदा आहे.

फी ऑनलाइन भरल्यावरच तारीख मिळते. तारीख वर्षभरात तीनदा बदलता येते आणि त्यासाठी पुन्हा पैसे लागत नाहीत. नागपुरात लवकरची तारीख दिसत नसेल तर विदर्भातल्या इतर शहरांत टपाल कार्यालयांमध्ये जी पासपोर्ट सेवा केंद्रं आहेत तिथलं कॅलेंडर बघा. २०१८ पासून देशात कुठल्याही केंद्रावर अर्ज देता येतो, पोलिस चौकशी तेवढी तुम्ही लिहिलेल्या पत्त्यावर होते. ज्यांची माणसं वर्ध्याला किंवा अमरावतीला आहेत त्यांना हे सोयीचं पडतं, कामही होतं आणि मुक्कामही.

तत्काळबद्दल माझं मत विचाराल तर तिकीट हातात नसेल तर घेऊ नका. कागद चुकीचे असले तर तत्काळवालाही तितकाच अडकतो, फक्त जास्त पैसे देऊन.

घरातल्या सगळ्यांची वेळ एकाच दिवशी, पाठोपाठ घ्या. सकाळची मिळाली तर सकाळचीच. उन्हाचं कारण आहेच, पण खरं कारण वेगळं: काही राहिलं तर आणायला दिवस हातात उरतो. आम्हाला तोच उपयोगी पडला.

आदल्या रात्रीची फाइल

प्रत्येकाची वेगळी फाइल. एकाच पिशवीत तिघांचे कागद कोंबले की काउंटरवर पत्त्यांचा डाव पिसतोय असं दिसतं. फाइलमध्ये वरून खाली: अपॉइंटमेंटची पावती, मूळ कागद, त्यांच्या झेरॉक्स, प्रत्येक झेरॉक्सवर स्वतःची सही. ऑनलाइन अपलोड केलं तरी मूळ कागद घेऊन जा. जुना पासपोर्ट असेल तर तो स्वतः आणि त्याच्या पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन पानांची झेरॉक्स. फोटो न्यायची गरज नाही, तो तिथेच काढतात. चार वर्षांच्या आतल्या बाळाचा मात्र पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो न्यावा लागतो, साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा.

लहान मुलासाठी आईबाप दोघांच्या सहीचं एक घोषणापत्र लागतं, त्याला 'ॲनेक्शर डी' म्हणतात. वेबसाइटवरून उतरवायचं, साध्या कागदावर छापायचं. स्टॅम्प पेपर नको, नोटरी नको. २०१६ च्या डिसेंबरपासून या घोषणापत्रांची नोटरी बंद झाली आहे, तरी 'नोटरी करून घ्या' म्हणणारे सापडतातच.

आणि इथे माझी दुसरी चूक. घोषणापत्र छापलं, मी सही केली, लेकीचा फॉर्म फाइलमध्ये ठेवला. बायकोची सही राहिली. ती सकाळी साडेआठला मिहानला कामावर निघून गेली आणि आम्ही दहाला ऑटोत बसलो. आपण दोघं मिळून एक कुटुंब आहोत ही भावना छान आहे, पण सह्या दोन लागतात.

कपडे: फोटोची मागची बाजू पांढरी असते, म्हणून पांढरा किंवा फिकट सदरा नको. मेहंदी काढलेली असेल तर बोटांचे ठसे नीट उठत नाहीत. लग्नसराईतली तारीख घेणाऱ्या मुलींनी हे आधी बघावं. म्हाताऱ्या माणसांच्या बोटांच्या रेषा कामानं झिजलेल्या असतात. आईची चार बोटं यंत्राने तीनदा नाकारली. शेवटी तिथल्या मुलीने ओल्या रुमालाने बोटं पुसून, हलकेच दाबून धरली तेव्हा घेतली. आदल्या रात्री हाताला खोबरेल लावलं आणि सकाळी साबणाने धुतलं की बरं पडतं, हे तिनेच सांगितलं.

मे महिना असेल तर पाण्याची मोठी बाटली, डोक्याला दुपट्टा आणि खिशात कांदा. हसू नका. पारा चव्वेचाळीसच्या वर असताना गेटबाहेर दहा मिनिटं उभं राहावं लागलं तरी कळतं. डब्यात तेलकट काही नको, कारण तेच हात पुढे ठशाच्या काचेवर ठेवायचे असतात. आम्ही तर्री पोहे खाऊन निघालो होतो. लेकीच्या फ्रॉकवरचा तर्रीचा डाग तिच्या फोटोत आला नाही एवढंच नशीब.

त्या दिवशी

आधी पत्ता बघा. पासपोर्ट सेवा केंद्र वेगळं आणि प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय वेगळं. अर्ज द्यायचा तो सेवा केंद्रात. कार्यालयात जायचं ते फाइल अडली आणि तिथे बोलावलं तर. ऑटोवाल्याला नुसतं 'पासपोर्ट ऑफिस' म्हणाल तर तो त्याला माहीत असलेल्या ठिकाणी नेईल. पावतीवर छापलेला पत्ता वाचून दाखवा.

दिलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोचलं की पुरे. दोन तास आधी जाऊन काही मिळत नाही, कारण गेटवर वेळेप्रमाणेच सोडतात. ज्याची अपॉइंटमेंट त्यालाच आत प्रवेश. लहान मुलासोबत आईबाप आणि अगदी थकलेल्या माणसासोबत एखादा मदतनीस, एवढंच. सगळं खटलं घेऊन जाऊ नका. आमच्यापुढे एक जण आठ माणसं घेऊन आला होता, त्यातली सात बाहेर निंबाखाली बसली.

आत शिरल्यावर पहिल्या टेबलावर कागद वरवर बघतात आणि टोकन देतात. टोकनचा नंबर टीव्हीच्या पडद्यावर येतो, समोर काउंटरचा नंबर. नंबर क्रमाने येतीलच असं नाही. 'माझ्यामागचा गेला कसा' म्हणून भांडायला उठू नका, वेगवेगळ्या प्रकारच्या अर्जांच्या रांगा वेगळ्या चालतात.

त्यानंतर तीन टप्पे, ए, बी आणि सी.

ए काउंटरवर टाटा कन्सल्टन्सीची मुलंमुली असतात. कागद स्कॅन, फोटो, ठसे, आणि तुमच्या फॉर्मची माहिती ते पडद्यावर एकदा तपासतात. दिवसातला सगळ्यात मोलाचा क्षण हाच आहे, आणि बहुतेक लोक तो केस सारखे करण्यात घालवतात. पडदा तुमच्याकडे वळवलेला असतो. नाव, आडनाव, जन्मतारीख, जन्मगाव, आईवडिलांची नावं, पत्ता, एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. चूक दिसली तर तिथेच सांगा, तिथे ती दोन मिनिटांत सुधारते. छापून आल्यावर त्याच चुकीसाठी नवा अर्ज, नवी फी. माझ्या पत्त्यात 'नगर' दोनदा पडलं होतं. सांगितल्यावर मुलाने "सॉरी भाऊ" म्हणत लगेच काढलं. फोटोला चष्मा काढायचा, केस कानामागे, तोंड बंद. हसायचं नाही, आणि आई त्याआधीच हसत नव्हती.

बी काउंटरवर सरकारी अधिकारी मूळ कागद तपासतात. ऑब्जेक्शन लागायचं ते इथेच. आईच्या काउंटरवरच्या मॅडमनी एका हातात आधार, एका हातात पॅन धरलं, चष्म्यावरून आईकडे बघितलं आणि विचारलं, "काकू, तुमचा वाढदिवस कधी असतो?"

"तान्ह्या पोळ्याला," आई म्हणाली.

मॅडम हसल्या, पण काम पुढे गेलं नाही. आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. आधार दुरुस्त करून पुन्हा या, म्हणाल्या. असं काही झालं तर वाद घालू नका, एकच प्रश्न विचारा: नेमका कोणता कागद, कशात काय बदल, आणि परत येताना वेळ कशी घ्यायची. फाइल का अडली ते पावतीवर छापून मिळतं. ते वाचल्याशिवाय बाहेर पडू नका. फाइल रद्द होत नाही, थांबते. आईची फी वाया गेली नाही.

त्याच काउंटरवर लेकीचं घोषणापत्र उघडलं. बायकोच्या सहीची जागा पांढरी फटक. "आज पाचच्या आत आणू शकाल का?" म्हणून विचारलं. मी घड्याळाकडे बघितलं, साडेअकरा. आईला आणि लेकीला खुर्च्यांवर बसवून, तिथल्या गार्डला सांगून निघालो. ऑटोने सीताबर्डी, तिथून मेट्रोची ऑरेंज लाइन, शेवटचं स्टेशन खापरी. बायको कामातून सुटून स्टेशनच्या जिन्याखाली येऊन उभी होती, हातात पेन घेऊन. माझ्या पाठीवर कागद ठेवून तिने सही केली. पाठ घामाने ओली, म्हणून सहीचा शेवटचा फराटा थोडा फुटला. तशीच परत मेट्रो, परत ऑटो. पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते.

आत येऊन बघतो तर आईने काटोलकडच्या एका बाईशी ओळख काढली होती. तिचा मुलगा दुबईला वेल्डर म्हणून चालला होता. संत्र्याचा बहार यंदा कसा आहे, सून कशी आहे, सगळं बोलून झालं होतं. लेक पडद्यावरचे नंबर मोठ्याने वाचत होती आणि ज्याचा येईल त्याला हात करून बोलावत होती. गार्ड म्हणाला, "भाऊ, पोट्टीले इथंच नोकरी लावून द्या."

फुटलेली सही चालली.

सी काउंटरवर मंजुरी देणारे अधिकारी. दोन-चार प्रश्न: कशासाठी हवा, आधी होता का, कुठली केस वगैरे आहे का. सरळ उत्तर, लांबण नको. 'फिरायला' हे पूर्ण उत्तर आहे. तिथून बाहेरच्या दाराशी फाइल नंबर छापलेली पावती मिळते. पुढचं सगळं याच नंबरावर, तेव्हा घरी पोचायच्या आधी फोटो काढून ठेवा. पोलिस चौकशी पासपोर्टच्या आधी होणार, नंतर होणार की लागणारच नाही, हेही त्या पावतीवर असतं. जुना पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत देतात. त्यात चालू व्हिसा असेल तर जपून ठेवा.

पोलिस चौकशी

काही दिवसांत ठाण्यातून फोन येतो. अनोळखी नंबर उचलायची सवय नसलेल्यांनी एवढे दिवस उचलावा. सांगितलेल्या वेळी घरी राहा किंवा ठाण्यात जा. मूळ कागद, एक झेरॉक्स संच आणि दोन फोटो तयार ठेवा. शेजारच्या दोघांची माहिती विचारतात. या चौकशीची वेगळी फी नसते, ती तुमच्या १५०० रुपयांत आली. भाड्याने राहत असाल तर घरमालकाला आधी कल्पना द्या. पोलिस दारात बघून घरमालकाचा चेहरा कसा होतो ते तुम्हाला माहीत आहे.

नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात राहणाऱ्या मुलांनी 'घरचाच पत्ता देऊ' म्हणून नागपूरचा पत्ता दिला आणि चौकशीच्या दिवशी ती पुण्यात असली, तर अहवाल उलटा जातो. जिथे प्रत्यक्ष राहता तोच पत्ता द्या.

पोस्टमन येईपर्यंत

वेबसाइटवर फाइल नंबर टाकला की स्थिती दिसते. आठवडाभर एकच ओळ दिसली म्हणून जीव टांगणीला लावू नका. 'रिव्ह्यू'वर जास्तच दिवस अडकली तर प्रादेशिक कार्यालयात चौकशीसाठीही ऑनलाइन वेळ घेता येते. पासपोर्ट स्पीड पोस्टाने येतो आणि ज्याचा त्यालाच ओळखपत्र बघून देतात, म्हणून ट्रॅकिंग नंबर आला की त्या दिवशी घरी राहा.

आता मिळतो तो ई-पासपोर्ट, मुखपृष्ठावर खाली छोटं सोनेरी चिन्ह असतं. आत चिप असते. देशात १ एप्रिल २०२४ ला त्याची प्रायोगिक सुरुवात ज्या मोजक्या कार्यालयांत झाली त्यात आपलं नागपूर होतं, भुवनेश्वरच्या जोडीला. इतर वेळी सगळं आधी मुंबई-पुण्याला जातं, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. या पुस्तिकेला स्टेपल मारू नका, वाकवू नका, आणि कूलरवर तर ठेवूच नका.

हातात आल्याबरोबर पोस्टमन दारात असतानाच पहिलं आणि शेवटचं पान वाचा.

आईची दुसरी खेप आधार दुरुस्त झाल्यावर जुलैत झाली. तासाभरात बाहेर. पासपोर्ट आला तेव्हा ती अंगणात तांदूळ निवडत होती. पोस्टमनने आधार मागितलं, सही घेतली. तिने हात पदराला पुसले, चष्मा लावला, फोटो बघून "हे कोण?" म्हणाली, मग खालची तारीख वाचली. १ जून.

"बरं," म्हणाली, "पोळ्याला पुरण मात्र घालायचं हं."